सपरीतला बंद प्लग

मी आयुष्यभर लोकांच्या घरचे बंद पडलेले प्लग दुरुस्त केले. त्यातला एक मात्र मी दुरुस्त केला नसता तर बरं झालं असतं. तो आमच्याच घरचा होता. आणि खरं सांगायचं तर तो बंदही नव्हता.

आमचं गाव अड्याळपासून सायकलने अर्ध्या तासावर. पुढे धानाच्या बांध्या, मागे तलाव, मध्ये आमचा मोहल्ला. मी सातवी-आठवीत असताना, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या मध्याला, आमच्या घरी लाइट आली. लाइट आली म्हणजे तीन बल्ब आले आणि एक प्लग आला. एक बल्ब स्वयंपाकघरात, एक मधल्या खोलीत, एक सपरीत. सपरी म्हणजे घरापुढची उतरत्या कौलांची पडवी. पाहुणे तिथेच टेकत आणि बाबूजी तिथेच खाटेवर बसून गावाचा कारभार बघत. प्लगही सपरीतच घेतला, कारण प्लग ही पाहुण्यांना दाखवायची वस्तू होती. काळा, गोल, तीन भोकांचा. त्यात लावायला घरात काहीसुद्धा नव्हतं. माय संध्याकाळी बल्ब लागला की त्याला हात जोडायची आणि जाता जाता त्या रिकाम्या प्लगलाही जोडायची. बाबूजी बटण दाबायला तुरीची काडी वापरत, कारण लाकडातून करंट जात नाही असं त्यांना कोणीतरी पढवलं होतं. पुढे एक टेबल पंखा आला, त्यामागून रेडिओ आला आणि प्लगला काम मिळालं.

घरात आम्ही पाच माणसं. बाबूजी, माय, शेती बघणारा दादा, वहिनी आणि मी. थोरली बहीण शहापूरला दिलेली. वहिनी पवनीकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी दहावीत पहिल्यांदा आपटलो होतो आणि घरात मला कोणी विचारत नव्हतं. तिने मात्र पहिल्या दिवसापासून मला भाऊजी म्हटलं, अहो-जाहो केलं. मिसरूड न फुटलेल्या पोराला कोणी अहो म्हटलं की तो लगेच माणसात येतो. मी तिला विजेबद्दल सांगत बसायचो आणि ती तांदूळ निवडता निवडता ऐकायची. एकदा तिने विचारलं, "एका भोकातून करंट येते म्हणता, तं मंग दुसरं भोक कायले हाये जी?" मी हसलो. उत्तर मला येत नव्हतं. ते मला पुढे भंडाऱ्याला कळलं, आणि तिचा प्रश्न किती बरोबर होता हेही तिथेच कळलं.

दहावीत दुसऱ्यांदा आपटल्यावर बाबूजींनी मला भंडाऱ्याला वायरमनचं शिकायला घातलं. दोन वर्षं शिकलो. आमचे सर म्हणत, बंद प्लगपाशी गेलं की आधी विचारायचं, मग बघायचं, मग टेस्टर लावायचा आणि सगळ्यात शेवटी स्क्रू काढायचे. आम्ही पोरं उलट्या क्रमाने जायचो आणि शॉक खायचो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी परत आलो तो शर्टाच्या खिशात टेस्टर खोचूनच. झोपताना तेवढा काढून ठेवायचो. गावात आणि आजूबाजूला लाइट सगळीकडे पोचली होती, पण ती दुरुस्त करणारा माणूस कुठे नव्हता. लोक मला बोलवायला लागले. कुठे उंदराने वायर कुरतडलेली असायची, कुठे स्क्रू ढिला होऊन आतली तार काळी पडलेली असायची. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी त्यात कुंपणाची जाड तार घालून ठेवलेली असायची आणि वर मलाच सांगायचा की आता कसा उडतो ते बघ. दिवाळीच्या तोंडावर एक खास आजार असायचा. बाया भिंती पांढऱ्या मातीने पोतत आणि ओल्या पोतेऱ्याचा फटकारा प्लगवरूनही फिरवत, की भोकांत माती जाऊन बसे. मी फ्यूज काढायचो, कोरड्या काडीने माती टोकरायचो, फ्यूज परत लावायचो आणि बल्ब पेटवून दाखवायचो. घरातली म्हातारी तोंडाला पदर लावायची. मला त्या पदराची चटक लागली होती. चारचौघांनी बघत असावं आणि मी बंद पडलेलं चालू करावं, यापलीकडे मला काही नको होतं.

त्याच साली दिवाळीच्या आधी एका दुपारी बाबूजी बांधीवर जाताना म्हणाले, "सपरीतला प्लग बंद पडला लेका. पंखा चालून नाही राहिला. पाहून घेजो." सगळे लवकर पिकणारा हलका धान कापायला गेले. घरी वहिनी होती, भिंती पोतायला मागे राहिलेली.

मी सपरीत आलो. बोर्डावर किराणा दुकानातून आलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं. ते आधी मधल्या खोलीत असायचं. आजूबाजूची सगळी भिंत ओल्या मातीने पांढरीशुभ्र झालेली, पण बोर्डाभोवती चार बोटं जागा कोरडीच सोडलेली. मी कॅलेंडर बाजूला केलं. खालच्या दोन भोकांत माती. पण ही पोतेऱ्याची नव्हे. पोतेऱ्याची माती पांढरी असते आणि कशीही थापलेली असते. ही करडी होती, घट्ट, कोणी बोटाच्या टोकाने लिंपून गुळगुळीत करावी तशी. मातीच्या कडेला राहिलेल्या फटीतून टेस्टरचं टोक आत टेकवलं तर बारीक उजेड दिसला. म्हणजे करंट होता. बिघाड काही नव्हताच. पिन आत जात नव्हती एवढंच.

"भाऊजी, त्याले हात नका लावू जी."

मागे वळलो तर वहिनी दारात. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरलेले.

"काहून? करंट तं येऊन राहिला. माती भरली फक्त. दोन मिनिटांत काढतो."

"माहीत हाये मले. मामाजीले बंद हाये म्हणून मीच सांगितलं. कुंभारणीचं घर हाये ते."

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, जी चिखलाच्या गोळ्या आणून भिंतीत, दाराच्या फटीत, कुलपाच्या भोकात घर बांधते. आत अळ्या भरते, अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. पिल्लू आतल्या अळ्या खाऊन वाढतं आणि एक दिवस माती फोडून उडतं. आमच्याकडे असं मानतात की कुंभारीण ज्या घरात घर बांधते त्या घरात पाळणा हलतो. ते घर मोडायचं नसतं. पिल्लू आपलं आपण उडून गेलं की मग माती काढायला हरकत नाही. हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती, आमच्या गावात ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

वहिनीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती.

"मंग मायले सांगा ना," मी म्हटलं. "ते कोणालेच हात लावू नाही देणार."

"नको जी. दोन साल आधी न्हाणीच्या भिंतीले बांधलं होतं, तवा सांगितलं होतं मी. मायनं साऱ्या मोहल्ल्यात सांगितलं. बाया येऊन ते घर पाहून गेल्या, अन् मंग माझ्या पोटाकडे पाहत राहिल्या. चार महिने पाहत राहिल्या." हाताला माती म्हणून तिने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. "या खेपेस कोणालेच नाही सांगत. झालं तं झालं. नाही तं माझं माझ्यापाशीच राहीन."

"किती दिवस?"

"पंधरा-वीस दिवस. उडून जाईपर्यंत."

"मी काय सांगू सगळ्याइले?"

"जळला म्हणून सांगा ना. तुमचं तं ऐकतेत सारे."

मला मनातल्या मनात हसू आलं हे कबूल करतो. दोन वर्षं शिकून आलेला मी, आणि माझ्यासमोर ही माशीच्या घराची गोष्ट. पण ती माझ्याकडे बघत होती आणि तिने आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. मी म्हटलं, "सांगतो. शप्पथ." कॅलेंडर पुन्हा टांगलं, त्याचा कोपरा सरळ केला.

संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांना सांगितलं की प्लग आतून जळला आहे, सामान भंडाऱ्याहून आणावं लागेल, दिवाळी होऊन जाऊ द्या. बाबूजींनी मान हलवली. माझं खरंच ऐकत होते सारे. त्या दिवशी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. वहिनीने वाढताना माझ्या वाटीत दोन पातोड्या जास्त टाकल्या आणि पुढे गेली.

दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडार, म्हणजे आमचा नाचगाण्याचा खेळ, रंगते, दुकानं लागतात, लेकी-जावई येतात आणि घरोघर पाहुण्यांचा रेटा असतो. बहीण भाऊबीजेला आली होती ती मंडईसाठी थांबली. मंडईच्या दिवशी दुपारी जवाईही शहापूरहून आले आणि येताना टेपरेकॉर्डर घेऊन आले. नवाकोरा, चकचकीत, दोन कॅसेटींसह. आमच्या मोहल्ल्यात ती वस्तू तोवर कोणी हातात घेऊन बघितलेली नव्हती. अर्ध्या तासात सपरी माणसांनी भरली. बाया मधल्या खोलीच्या दारात दाटून उभ्या राहिल्या. टेपरेकॉर्डर पोत्यावर मांडला गेला आणि जवाई वायर हातात घेऊन म्हणाले, "साळेबुवा, प्लग कुठं हाये तुमचा?"

"बंद हाये जी. जळला."

"मंग करा ना. वायरमन ना तुम्ही?"

"सामान नाही आणलं अजून."

जवाई मुळात वाईट माणूस नव्हे. पण सासरी आलेला जवाई, भोवती माणसं, आणि हातात वाजत नसलेला टेपरेकॉर्डर. ते म्हणाले, "मंग दोन साल भंडाऱ्यात करून काय राहिले होते? बल्ब मोजून राहिले होते काय?"

सपरी हसली. शेजारच्या काकाने भर घातली, "दहावीतबी दोन डाव बसला होता ना हा. याचं सारं दोन-दोन डाव राहते." पुन्हा हशा. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण माझी नजर बाबूजींकडे गेली. ते खाटेवर तंबाखू मळत होते आणि मळून झालेली तंबाखू उगाच मळत बसले होते. खाली बघून.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. तो तेव्हाही होता, आजही आहे.

वहिनी ट्रेमध्ये चहाचे कप घेऊन दारात आली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मी बघितलं आणि मोठ्याने म्हणालो, "पाच मिनिटांत करतो. कोणी हालू नका."

मला काय करतो आहे ते माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की रागात भान राहिलं नाही. भान होतं. मी उठलो, मेन स्विच पाडला, चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि तो सगळ्यांना दिसेल असा खिडकीत ठेवला. मग कॅलेंडर काढून जवाईंच्या हातात दिलं. ज्याला भान नसतं तो आधी फ्यूज काढत नाही.

स्क्रू ड्रायव्हर पहिल्या भोकात घातला आणि फिरवला. माती कडक झाली होती, कटकट आवाज करत तुटली. मग दुसरं भोक. मातीचे तुकडे भिंतीवरून खाली पडले. त्यांच्यासोबत बारीक हिरव्या अळ्या पडल्या, चार-पाच, वळलेल्या, अर्धमेल्या. आणि शेवटी पिवळट पांढरं एक पिल्लू, तांदळाच्या दाण्याएवढं. ते हलत होतं.

"हा फाल्ट!" जवाई हसत सुटले. "याले सामान भंडाऱ्याहून आणून राहिले होते साळेबुवा!"

मीही हसलो. सगळे हसले. मग दारातल्या बायांचं हसू आधी थांबलं. माय पुढे आली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "अगं माय. कुंभारणीचं घर होतं का हे?"

आणि माझी बहीण, तिच्या मनात काही नव्हतं, ती आपली सहज बोलून गेली, "वहिनी, म्हणून कॅलेंडर लावून ठेवलं होतं का तुम्ही?"

सगळ्या बाया वहिनीकडे वळल्या. दोन वर्षांपूर्वी वळल्या होत्या तशाच. ती हातात कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो ट्रे खाली ठेवला, एक थेंब सांडू दिला नाही. मग बसून जमिनीवरची माती, अळ्या, ते पिल्लू, सगळं ओंजळीत गोळा केलं आणि मागच्या अंगणात गेली. दादा सपरीच्या टोकाला उभा होता. तो तिच्यामागे गेला नाही. तो मंडईत निघून गेला.

मी फ्यूज लावला, मेन चढवला, जवाईंनी पिन खोचली. टेपरेकॉर्डर वाजायला लागला. लोकांनी टाळ्या पिटल्या. बाबूजी वर बघून म्हणाले, "शिकला पोट्टा." आणि मला आनंद झाला. तोही कबूल करायला हवा. पहिलं गाणं संपेपर्यंत मला फार आनंद झाला होता. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा मी मागच्या अंगणाकडे बघितलं. वहिनी विहिरीपाशी हात धूत होती. बराच वेळ धूत होती.

पाहुणे गेल्यावर मायने मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुले माहीत होतं का रे, ते कुंभारणीचं घर हाये म्हणून?"

वहिनी चुलीपाशी पाठमोरी बसून भाकरी थापत होती.

"नाही," मी म्हणालो. "मले वाटलं पोतण्याची माती हाये."

वहिनीचा हात थांबला नाही. भाकरी थापायचा आवाज तसाच चालू राहिला. ती वळून म्हणू शकली असती की हे खोटं बोलतेत, यांनी शप्पथ घेतली होती. तिने भाकरी तव्यावर टाकली. घर मोडलं त्याच्यापेक्षा मला माझ्या त्या एका शब्दाची लाज जास्त वाटते. घर रागात मोडलं असं म्हणायला थोडी तरी जागा आहे. मायला "नाही" म्हणालो तेव्हा मला कसलाही राग नव्हता, नुसती भीती होती.

त्या सालीही वहिनीला काही झालं नाही, पुढेही झालं नाही. माशीच्या घराने मूल होत नसतं आणि घर मोडल्याने राहायचं मूल जात नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते स्वतःला इतक्या वेळा समजावलं आहे की पाठ झालं आहे. त्याने काही सुटत नाही. ती माझ्याकडे मूल मागायला आली नव्हती. ती पंधरा-वीस दिवस मागायला आली होती, आणि तेही कोणाला कळू न देता. मला तेवढे देता आले नाहीत.

ती माझ्याशी बोलायची थांबली असती तर बरं झालं असतं. ती पहिल्यासारखीच भाऊजी म्हणायची, वेळेवर वाढायची, ताप आला की काढा द्यायची. फक्त विजेचं काही विचारायची नाही. मी मुद्दाम विषय काढायचो. तुमच्या त्या दुसऱ्या भोकाचं उत्तर मला सापडलं वहिनी, आलेला करंट परत जायला वाट लागते, म्हणून दुसरं भोक. ती म्हणायची, "असं का," आणि उठून जायची. मी तिच्यासाठी स्वयंपाकघरात चुलीच्या वर दुसरा बल्ब बसवला, बटण तिच्या हाताशी येईल असं घेतलं. तिने ते कधी वापरलं नाही. दिवस मावळला की ती चिमणीच लावायची. माय ओरडायची, लाइट असून डोळे कायले फोडून राहिली. ती म्हणायची, सवय हाये जी.

मी अड्याळला दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझं लग्न झालं. लग्नानंतर दोन वर्षांनी बायकोला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. त्यानंतर तिने हाय खाल्ली. माहेरी जायला निघाली होती, तिला वहिनीने जाऊ दिलं नाही. तिच्याजवळ बसायची, डोक्याला तेल लावायची, तिला धानाच्या कामाला हात लावू द्यायची नाही. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा बायकोला पुन्हा दिवस राहिले. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. वहिनीला न सांगताच कळलं.

पुन्हा मंडईचेच दिवस होते. आता सपरीत टीव्ही आला होता, आणि तो त्याच जुन्या काळ्या प्लगवर चालायचा. मी तो बदलला नव्हता. का ते विचारू नका. मी दुकानातून घरी आलो तर टीव्ही बंद, सपरीत माणसं खोळंबलेली, कारण क्रिकेटची मॅच होती. बहीण-जवाई आलेले. जवाईंच्या डोक्यावरचे केस गेले होते, पण जीभ तीच. आणि बोर्डावर कॅलेंडर.

"आला बाप्पा तुमचा वायरमन," जवाई म्हणाले. "साळेबुवा, दोन ओव्हर होऊन गेल्या. करा लवकर."

"काय झालं?" मी विचारलं.

वहिनी दारातून म्हणाली, "जळला तो मामाजी, मी सांगितलं ना. सकाळी फाटकन आवाज आला." ती बाबूजींशी बोलत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मी टेस्टर काढला आणि कॅलेंडरचा कोपरा उचलला. खालच्या एका भोकात माती. काठ अजून ओला होता. माझ्या मागे मधल्या खोलीत बायको पाटावर बसून लसूण सोलत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

मी कॅलेंडर खाली सोडलं.

"जळला," मी म्हणालो. "माझ्याच्यानं नाही होत."

"अरे, बोर्ड खोलून तरी पाय," बाबूजी म्हणाले.

"पाहिलं बाबूजी. नाही होत."

जवाई जे म्हणायचं ते सगळं म्हणाले. दुकानाची पाटी उतरवा म्हणाले, बल्ब मोजत बसा म्हणाले. सपरी हसली. नवी पोरं होती, तीही हसली. मग सगळे उठून शेजारच्या घरी मॅच बघायला गेले. मी खाटेवर बसून राहिलो आणि मला आश्चर्य वाटत होतं की हे किती सोपं होतं. त्या हसण्याने काही तुटलं नाही, काही दुखलं नाही. तेव्हाही नसतंच दुखलं. आपल्या लेकरासाठी हे एक वाक्य मी सहज बोललो, आणि वहिनीसाठी, शप्पथ घेतलेली असून, ते माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. लाज कमी होईल असं मला वाटत होतं. ती तिथे बसल्या बसल्या वाढली.

संध्याकाळी पातोडीचा रस्सा होता. माझ्या वाटीत पातोड्या सगळ्यांइतक्याच होत्या.

मुलगी झाली हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. धडधाकट झाली, आणि पहिली आंघोळ तिला वहिनीने घातली. पण ते पुढचं. त्याआधी, मंडईला वीसेक दिवस झाले असतील, एका सकाळी मी दुकानाला निघालो तेव्हा वहिनीने मला सपरीत थांबवलं. तिने स्वतःच कॅलेंडर काढून हातात धरलं होतं.

"उडाली," ती म्हणाली. "आता काढा."

मातीला मधोमध एक बारीक गोल भोक पडलं होतं. मी फ्यूज काढला, काडीने हलक्या हाताने माती टोकरली. ती पोकळ झाली होती, भुगा होऊन पडली. आत काही उरलं नव्हतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. सात-आठ वर्षं जे ओठावर येऊन परत जायचं ते मी त्या सकाळी बोललो.

"वहिनी, तवाबी मी असंच म्हणायले पाहिजे होतं."

ती झाडू घेऊन खाली बसली होती. वर न बघता म्हणाली, "तवा ते माझ्यासाठी होतं ना, भाऊजी."

आवाजात राग नव्हता.

"सरका जरा," ती म्हणाली. "तुमच्या पायाखाली माती हाये."

मी सरकलो.